स्लो कुकरमधलं पुल्ड पोर्क : इंदूरच्या घरातल्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

ताईची मुलगी डिसेंबरच्या सुट्टीत येते आहे. नॉर्थ कॅरोलायनात शिकते. फोनवर तिने तिथल्या पुल्ड पोर्कचं (तासन्‌तास मंद शिजवून धागे उकललेलं डुकराचं मांस) इतकं वर्णन केलंय की ती यायच्या आत ते आपल्याला नीट जमायला हवं, असं मनाने घेतलं. आमच्याकडे ना भट्टी, ना तिकडे धुरासाठी जाळतात ती हिकरीच्या झाडाची लाकडं, आणि फ्लॅटमध्ये रात्रभर लाकूड जाळणं तर होणारच नाही. म्हणून स्लो कुकर मागवला, विजेवर मंद शिजवणारं भांडं. साडेतीन लिटरचा, आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, लो-हाय-वॉर्म असं बटण. मागे २०० वॅट लिहिलंय.

भाचीकडून कळलं ते आधी टिपून ठेवतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेला अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजतात आणि वर सिरका, लाल मिरची, मिरं नि मीठ एवढंच घालतात. टोमॅटोचं नाव नाही. पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनच्या बाजूला, फक्त खांदा घेतात आणि सिरक्यात थोडं केचप येतं. साउथ कॅरोलायनात खाली उतरलं की मोहरीचं सॉस. मला खांदा हवाय पश्चिमेकडचा आणि चव पूर्वेकडची.

घरात डुकराचं मांस शिजणार म्हटल्यावर आईशी बोलणं भाग होतं. तिचं माहेर देवासचं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, माझ्या लहानपणी रानडुकराचं व्हायचं की आमच्याकडे. मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर." १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली नि तो पदार्थही घराघरांतून गेला. तिची अट एकच: भांडी वेगळी, आणि कुकर गॅलरीत. मान्य.

१० नोव्हेंबर

मांस आणण्याआधी भांड्याची परीक्षा. निम्म्यापेक्षा थोडं जास्त साधं पाणी भरलं, लोवर आठ तास ठेवलं, झाकण अजिबात उघडलं नाही. आठ तासांनी झाकण काढल्या काढल्या थर्मामीटर घातला: ९१ अंश. ८५ ते ९३च्या मध्ये यायला हवं. त्याच्या खाली राहिलं तर मांस धोक्याच्या पट्ट्यात रेंगाळतं, वर गेलं तर ते मंद शिजवणं राहत नाही. आपलं भांडं बरोबर आहे.

ही परीक्षा आपल्याकडे तर करायलाच हवी, कारण व्होल्टेज. आमच्या कॉलनीत संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की २०५पर्यंत उतरतं. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे २३०ला २०० वॅट देणारं भांडं २०५ला १५९च देतं. पाचवा हिस्सा उष्णता गेली, आणि बटण मात्र तिथेच. अमेरिकेतल्या पाककृतीत 'आठ तास' लिहिलेलं असतं ते तिथल्या विजेवरचं. इथे तासांवर विसंबून चालणार नाही. वायरचा थर्मामीटर घेतलाय, सळई मांसात नि आकडा बाहेर. सुरुवात पहाटे करायची, म्हणजे मोटारींच्या वेळेआधी काम होतं.

१६ नोव्हेंबर

महूला जाऊन आलो. लष्कराच्या छावणीमुळे तिथे डुकराचं मांस मिळतं, ओळखीचा दुकानदार आहे, जनावर कुठून येतं हेही सांगतो. त्याला पटवायला वेळ लागला. आपल्याकडे कुठलंही मांस असो, सुरा चालायला लागला की गिऱ्हाइकाने नको म्हणेपर्यंत तुकडे पडत राहतात. "भैया, पूरी दस्ती चाहिए, हड्डी के साथ, एक भी टुकड़ा नहीं," असं म्हटल्यावर त्याने वर पाहिलं. मग आतून दस्ती, म्हणजे खांदा, काढली आणि नळीकडचा भाग वेगळा करून दिला.

खांदाच का, हे लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी मांडीचा तुकडा घेऊन करायला जाईल. मांडी नि पाठीचं मांस सरळसोट, चरबी कमी. त्याला दहा तास शिजवलं तर भुसा हातात येतो. खांदा दिवसभर राबणारा भाग. त्यात पडदे, शिरा, स्नायूंच्या मधून पसरलेली चरबी, सगळं भरपूर. हे पडदे कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचे. तेच विरघळून जिलेटिन होतं आणि प्रत्येक धाग्याला ओलावा देतं. जो भाग घाईत शिजवला तर चाववत नाही, तोच ह्या कामाचा.

वरची कातडी घरी काढली. ओल्या उष्णतेत ती रबरासारखी होते, कुरकुरीत कधीच होत नाही. चरबीचा थर बोटाच्या पेराएवढा ठेवला. हाडासकट २.१ किलो. मीठ वजनाच्या दीड टक्का, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, सगळीकडे चोळून फ्रीजमध्ये रात्रभर.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज मुद्दाम मसाला काहीच घातला नाही. मीठ, ठेचलेला लसूण आणि अर्धी वाटी पाणी. मांस कसं वागतं ते आधी बघायचं होतं.

पहाटे सहाला ठेवलं तेव्हा मधोमध ५ अंश. पहिले दोन तास हायवर, कारण ५ ते ६० अंशांमध्ये जंतू सगळ्यात जोमाने वाढतात आणि तो टप्पा चार तासांच्या आत ओलांडायचा असतो. म्हणूनच गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये कधीही घालू नये. आठला ३८. मग लोवर. साडेनऊला ६०.

साडेअकराला ७५. इथे मुद्दाम झाकण उचलून काटा टोचून बघितला. (एकदा झाकण उचललं की गमावलेली उष्णता भरायला वीस-तीस मिनिटं जातात, त्यामुळे ही चैन आजच्यापुरतीच.) काटा आत शिरेना. मांस आखडून हाडापासून मागे सरकलं होतं, रंग राखाडी, कडेने भरपूर पाणी सुटलेलं. बायको म्हणाली, "झालं की हे. काढ आता, वातड होईल." खायला सुरक्षित तर ते झालंच होतं. अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती एवढं पुरतं, ७१ म्हणजे निर्धास्त. पण हाच तो क्षण, जिथे बहुतेक लोक हात टेकतात. साठीच्या पुढे कोलॅजन आधी आखडतं नि मांसातलं पाणी पिळून काढतं, ७०च्या आसपास स्नायूंची प्रथिनंही घट्ट होतात, आणि कोलॅजनचं जिलेटिन व्हायला मात्र अजून कित्येक तास असतात. त्यामुळे ७५ला मांस शिजलेलं असतं आणि सगळ्यात वाईट असतं. आणखी शिजवल्याने बिघडत नाही, तिथूनच ते सुधारायला लागतं. ह्या पदार्थात शिकण्यासारखं काय असेल तर हेच, असं मला वाटतं.

दीडला ८४. सळसळ ऐकू येत नाही, झाकणावरून थेंब ओघळत राहतात. उघड्या भट्टीत ६५-७५च्या दरम्यान आकडा तासन्‌तास अडून बसतो, कारण पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि मांस थंड होत राहतं. इथे झाकणाखाली दमट हवा असल्याने ते होत नाही. चढ संथ, पण अखंड.

सव्वातीनला ९०. सव्वाचारला ९१. झाकण काढलं, खांद्याच्या हाडाचं टोक चिमट्यात धरलं आणि हलकेच ओढलं. चपटं, पंख्यासारखं हाड पूर्णच्या पूर्ण बाहेर आलं, त्याला मांसाचा कणही चिकटलेला नव्हता. पांढरंशुभ्र, धुतल्यासारखं. मी ते हाड आईला नेऊन दाखवलं.

भट्टीवाले ९५ म्हणतात. स्लो कुकरमध्ये त्या आकड्याचा हट्ट नको, ९०च्या आसपास तासभर राहिलं की तेवढंच सुटतं. खूण हाडाची धरायची.

अर्धा तास झाकून ठेवलं, मग दोन काट्यांनी उकललं. फार बारीक करू नये. बोटाएवढे धागे राहू दिले तर तोंडात मांस लागतं, नाहीतर लगदा.

१८ नोव्हेंबर

रात्री सगळा रस गाळून स्टीलच्या पातेल्यात फ्रीजमध्ये ठेवला होता. सकाळी वर पांढऱ्या चरबीची जाड पापडी, ती एका तुकड्यात उचलता आली. खाली तपकिरी, पारदर्शक खरवस. पातेलं कलंडलं तरी सांडेना, नुसता थरथरत होता. अर्धी वाटी पाणी घातलं होतं, निघाला तीन वाट्यांहून जास्त रस, आणि तो असा गोठला! काल दिवसभर जे कोलॅजन विरघळत होतं ते हे. टाकायचं काहीच नाही. कढईत आटवून निम्मा केला नि धाग्यांत परत मिसळला. पुढच्या वेळी पाणी अजिबात घालणार नाही, मांस स्वतःचं सोडतंच.

दोन किलोंतून हाड, चरबी, पाणी वजा जाता खायला सव्वा किलोच्या आसपास. पाहुण्यांचा हिशेब त्यावर करायचा. वीज जेमतेम दोन युनिट.

२४ नोव्हेंबर

आज मसाला. तिकडे ब्राउन शुगर, पॅप्रिका, मोहरीची पूड वगैरे चोळतात. मी गूळपावडर, काश्मिरी मिरची, भरडलेलं मिरं, भाजलेलं जिरं आणि मोहरीची पूड घेतली. मिरची नि जिरं सियागंजाच्या बाजारातून ताजं आणलं. काश्मिरी मिरची पॅप्रिकाची जागा नीट घेते, रंग तोच, तिखटपणा जरा जास्त.

आणि जीरावण. पोह्यांवर रोज भुरभुरतो तोच इंदुरी मसाला. अर्ध्या मांसाला आधी चोळलं, अर्ध्याला उकलल्यानंतर वरून लावलं. फरक स्पष्ट आहे. दहा तास दमट उष्णतेत राहिलेल्या जीरावणाचा वास उडून जातो आणि हिंग नि काळं मीठ तेवढं मागे राहतं. वरून घातलं की आमचूर, बडीशेप, लवंग सगळं जागं. त्यात मीठ असतंच, त्यामुळे आधीचं मीठ दीडवरून सव्वा टक्क्यावर आणायचं. सुवासाच्या गोष्टी शेवटी, मीठ नि मिरची आधी.

सिरक्याचं पाणी: वाटीभर उसाचा सिरका, चमचाभर कुटलेली लाल मिरची, अर्धा चमचा मिरं, पाव चमचा मीठ, चिमूटभर गूळ. न उकळता बाटलीत भरून ठेवायचं, दोन दिवसांत मिरची उतरते. दुकानातल्या पांढऱ्या व्हिनेगरने हे होत नाही, ते नुसतं बोचतं. जांभळाचा सिरकाही करून बघितला, चव सुंदर, पण तुरटपणा मांसावर चढतो. त्याचा मान काकडी-कांद्याला.

१ डिसेंबर

दोन गोष्टींची उणीव होती, धूर आणि कड. भट्टीतल्या मांसाला बाहेरून काळपट खरपूस कवच येतं, ते ओल्या भांड्यात येणं शक्य नाही. आणि धूर तर नाहीच.

धुरासाठी आपला धुंगार. कोळसा गॅसवर लाल केला, स्टीलच्या वाटीत ठेवून वाटी उकललेल्या मांसाच्या मधोमध बसवली, त्यावर काढून ठेवलेली चरबी चमचाभर सोडली आणि झाकण. चार मिनिटं पुरेत. दहा मिनिटं ठेवलेल्या वाट्याला कडवटपणा आला. तुपापेक्षा इथे ती चरबीच बरी, वास परका वाटत नाही. गॅलरीचं दार उघडं ठेवायचं, पेटत्या कोळशाचा वायू बंद जागेत जीवघेणा असतो. हिकरीची सर आली असं म्हणणार नाही, पण धुराशिवाय आणि धुरासह ह्यांत घरच्या सगळ्यांनी डोळे मिटून धुराचं उचललं.

कडेसाठी ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी. धागे थाळीत पसरून, आटवलेला रस शिंपडून, वरच्या कॉइलवर २३० अंशाला आठ-दहा मिनिटं. वरची टोकं काळसर, खाली मऊ. मग खालवर करून ढवळायचं, म्हणजे प्रत्येक घासात थोडी कड येते. ओटीजी नसेल तर लोखंडी तवा खणखणीत तापवून, थोड्या थोड्या मांसावर, न हलवता. ही पायरी गाळू नका. हिच्याशिवाय पदार्थ उकडलेला लागतो.

८ डिसेंबर

साडेदहाला लाइट गेली. मांस ६८ला होतं. झाकणाला हात लावला नाही, भांड्यावर जुनी गोधडी टाकली आणि आकडा बघत बसलो. पन्नास मिनिटांनी लाइट आली तेव्हा ६५. जाड मातीच्या भांड्याचा हा फायदा. नियम ठरवून ठेवलाय: ६०च्या खाली उतरायला लागलं तर सरळ गॅसवर पातेल्यात घालून पुरं शिजवायचं. आणि घरी कुणी नसताना लाइट जाऊन परत आली, किती वेळ गेली होती ते कळत नाही, तर ते मांस टाकून द्यायचं. कितीही जिवावर आलं तरी. कुकर लावून ऑफिसला जाणं आपल्या विजेवर मला पटत नाही.

१४ डिसेंबर

जिजाजी डुक्कर खात नाहीत. त्यांच्यासाठी बोकडाची दस्ती ह्याच पद्धतीने केली, त्याच महूच्या फेरीत दुसऱ्या दुकानातून आणलेली. दीड किलोची, साडेसात तासांत हाड सुटलं. चरबी कमी म्हणून वर चमचाभर तूप, आणि मसाल्यात गुळाऐवजी भाजलेलं सुकं खोबरं नि कांदा. उत्तम झाली. शिवाय कवळी लावल्यापासून आईने मटण सोडल्यासारखंच होतं. रस्सा प्यायची, तुकडे बाजूला काढायची. आज तिने भाकरीबरोबर दोनदा मागून घेतलं.

मग तिने विचारलं, ह्यात राजमा होईल का. कच्चा राजमा मंद आचेवर नको. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन ८०-८५ अंशांत मरत नाही, पोटाला भयंकर त्रास देतं. भिजवून, पाणी बदलून, आधी दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग कुकरमध्ये. खरं तर हे भांडं जन्माला आलं ते कडधान्यासाठीच. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सनने १९४० साली पेटंट घेतलं, त्याच्या आईकडून ऐकलेल्या एका गोष्टीवरून: लिथुआनियातल्या गावी ज्यू बायका सब्बाथच्या आदल्या संध्याकाळी 'चोलंट'चं (कडधान्य नि मांसाच्या रश्श्याचं) भांडं बेकरीच्या निवणाऱ्या भट्टीत ठेवून यायच्या. विकायला आलं तेव्हा नाव 'नॅक्सन बीनरी'. १९७०मध्ये रायव्हल कंपनीने ते घेतलं आणि पुढच्या वर्षी 'क्रॉक-पॉट' म्हणून घरोघरी गेलं. आईला ही गोष्ट फार आवडली. तिच्या आईकडेही रात्री विझत्या चुलीवर दुधाचं भांडं ठेवलेलं असायचं.

२२ डिसेंबर, रविवार

भाची परवा आली. काल रात्री मीठ लावलं, पहाटे पाचला कुकर सुरू. थंडीमुळे गॅलरी १२ अंशांवर होती, म्हणून हायवरचा वेळ अर्धा तास वाढवला. साडेतीनला हाड सुटलं. रस आटवला, ओटीजी, धुंगार, शेवटी जीरावण.

पाव राजवाड्याजवळच्या बेकरीतले, तुपावर भाजून. पत्ताकोबी अगदी बारीक चिरून, मीठ लावून पिळून, त्यात सिरका नि मोहरीची फोडणी. आणि मक्याच्या भाकरी, कारण भाचीने सांगितलं होतं की तिकडे बरोबर मक्याचा पाव असतो. हिवाळ्यात माळव्यात मका आहेच, मग पाव कशाला शोधायचा.

भाचीने पहिला घास नुसत्या मांसाचा घेतला. मग सिरक्याचं पाणी घालून दुसरा. मग म्हणाली, "मामा, धूर वेगळाय. पण सिरका एकदम बरोबर. आणि हे वरचं काय आहे?" जीरावणाची बरणी पुढे केली. पोह्यांवरचं जीरावण ह्यावर असेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती महत्त्वाची: सिरक्याचं पाणी फक्त वाढताना देऊ नकोस, उकलल्या उकलल्या गरम मांसात थोडं मुरवायचं, उरलेलं ताटात. तिथल्या तिथे अर्धं मांस तसं करून बघितलं. चव आतपर्यंत गेली. पद्धतीत हा बदल कायम.

जिजाजींनी बोकडाचं खाल्लं. आईने दोन्ही.

२५ डिसेंबर

उरलेलं मांस पाव-पाव किलोच्या पाकिटांत, आटवलेला रस घालून, चपटं करून फ्रीजरमध्ये. कोरडं गोठवलं तर धागे सुतळीसारखे होतात, रसात राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांनीही मऊ. वापरताना आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवायचं, मग झाकण ठेवून ७४ अंशांच्या वर वाफ आणायची. गरम करायला स्लो कुकर वापरायचा नाही, तो धोक्याच्या पट्ट्यातून फार हळू वर येतो.

आज सकाळी एक पाकीट तव्यावर कांदा-हिरव्या मिरचीबरोबर परतून, वर शेव आणि लिंबू. भाचीच्या मते हे पावापेक्षा चांगलं. उरलेल्या चरबीत बटाटे केले.

पुढच्या खेपेचं प्रमाण, दोन किलो दस्तीला: मीठ २५ ग्रॅम, गूळपावडर दोन चमचे, काश्मिरी मिरची दोन चमचे, मिरं नि मोहरी एकेक चमचा, जिरं दीड चमचा. पाणी नाही. मुरवायला सिरका अर्धी वाटी. जीरावण दोन चमचे, शेवटी. महूच्या दुकानदाराला १० जानेवारीसाठी सांगून ठेवलंय, ह्या वेळी मानेकडचा भागही जोडून मागितला आहे, त्यात चरबीची जाळी जास्त असते.